इंचात शिकले, सेंटीमीटरमध्ये कापते

बेल्ट स्कर्टपेक्षा मोठा निघाला. फार नाही, दीड सेंटीमीटरच्या आसपास. भाचीसाठी आठ कळ्यांचा, म्हणजे आठ उभे तुकडे जोडून होणारा स्कर्ट शिवत होते. पॅटर्न सेंटीमीटरमधला होता आणि प्रत्येक कळीला दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर उरणारी कापडाची पट्टी, ठेवून बेतलेला. बेल्ट पुन्हा मोजला, बरोबर. कळ्यांचे कागद मोजले, तेही बरोबर. मग स्कर्ट उलटा केला, एका शिलाईची माया पट्टीवर धरली आणि चोर सापडला. माया पंधरा मिलिमीटर हवी होती, ती सोळा होती. हाताच्या सवयीने मी मशीनच्या प्लेटवरची ५/८ ची रेघ धरून शिवत गेले होते.

‘५/८ इंच म्हणजे दीड सेंटीमीटरच की’ हे मी स्वतः कितीतरी जणींना सांगितलं आहे, आणि एका शिलाईपुरतं त्यात काही बिघडत नाही. ५/८ इंच म्हणजे नेमके १.५८७५ सेंटीमीटर. दीडपेक्षा जेमतेम ०.९ मिलिमीटर जास्त, जाड झालेल्या खडूच्या रेघेएवढंसुद्धा नाही. पण एका शिलाईला कापडाच्या दोन कडा लागतात. आठ कळ्यांच्या आठ शिलाया, म्हणजे सोळा कडा. सोळा वेळा ते जेमतेम जमा झालं की १४ मिलिमीटर होतात. अर्ध्या इंचाहून जास्त कंबर मी नकळत शिलाईत खाल्ली होती.

म्हणून आता कुणी विचारलं की इंच धरू की सेंटीमीटर, तर मी सांगते, कुठलंही धरा. पण एका कपड्याला एकच, माप घेण्यापासून शेवटच्या शिलाईपर्यंत. मधे बदलावंच लागलं तर एकदाच बदला आणि तेही अगदी सुरुवातीला. मायेला, टक्सला (आकारासाठी शिवलेल्या चिमटीला), काजाच्या अंतराला दर वेळी थोडं थोडं ‘जवळपास’ करत गेलात तर ती सगळी जवळपासं शेवटी एकाच जागी येऊन भेटतात, आणि ती जागा बहुतेक वेळा कंबर असते.

सुरुवात टेपपासून. टेपच्या एका अंगाला ६० इंच आणि दुसऱ्या अंगाला १५० सेंटीमीटर असं आपण बोलून जातो, पण ६० इंच म्हणजे १५२.४ सेंटीमीटर. तेव्हा टेप १५० सेंटीमीटरला संपत असेल तर इंचाची बाजू ५९ च्या थोडी पुढे संपली पाहिजे. ६० आणि १५० हे दोन्ही आकडे अगदी एकाच टोकावर छापलेले दिसले, तर दोन्हीपैकी एक बाजू नक्की खोटी आहे. दोन्ही बाजूंचे आकडे एकाच टोकापासून सुरू होत असतील तर आणखी सोपी परीक्षा आहे. ५० इंचाच्या रेघेवर टाचणी टोचा आणि उलटून बघा. ती १२७ सेंटीमीटरवर निघाली पाहिजे, कारण १ इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटीमीटर. हा आकडा अंदाजी नाही. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून तो ठरवून टाकला. त्याआधी अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच यांतही केसाच्या हजाराव्या भागाएवढा फरक होता. अर्थात शिवणाऱ्याला त्याचं सुखदुःख नव्हतं.

कापडी टेप ताणतो. माझा सगळ्यात लाडका जुना टेप नव्याशेजारी लावला तेव्हा जवळजवळ एक सेंटीमीटरने लांबलेला निघाला. आता तो फक्त पार्सलं बांधायला. आणखी एक बघून ठेवा. तुमच्या टेपवर एका इंचाची आठ घरं आहेत की सोळा? काही पट्ट्यांवर तर इंचाची दहा घरं असतात. त्यावरचं ‘पाचवं घर’ म्हणजे अर्धा इंच, आणि आठ घरांच्या टेपवरचं पाचवं घर म्हणजे ५/८. एकाच टेबलावर या दोन्ही पट्ट्या ठेवू नका.

आता माप. पॅटर्न सेंटीमीटरमधला असेल तर अंगावरचं माप सेंटीमीटरच्या बाजूनेच घ्या. वहीतलं जुनं इंचाचं माप गुणून काढू नका. टेप उलटायला लागतात दोन सेकंद. गुणाकारात चूक झाली तर कापड जातं. माणूस समोर नसेल, वहीत फक्त इंच असतील, तेव्हाच गुणाकार.

तो तोंडी करायची माझी रीत अशी. इंचांची अडीचपट करायची आणि दर २५ इंचांमागे १ सेंटीमीटर वाढवायचा. ३६ इंच छाती: अडीचपट ९०, आणि २५ ला १ तर ३६ ला साधारण १.४. झाले ९१.४. कॅल्क्युलेटर हेच सांगेल. उलट जायचं असेल तर सेंटीमीटरला ४ ने गुणून १० ने भागायचं आणि दर १६ इंचांमागे पाव इंच वजा करायचा. ९२ सेंटीमीटर: ३६.८, त्यातून अर्ध्या इंचाच्या किंचित वर वजा, म्हणजे ३६.२. ‘अडीच सेंटीमीटरचा एक इंच’ एवढ्यावरच थांबलात तर खालच्या दुमडीला काही होत नाही, पण ४० इंचांची सीट, म्हणजे नितंबांचा घेर, तुम्ही १०० धराल आणि ती असते १०१.६. स्ट्रेच नसलेल्या कापडाची पँट असेल तर बसताना कळेल.

वहीत आकडा कसा लिहिता यावरही लक्ष ठेवा. कारागीर इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. दोन सूत पाव इंच, चार सूत अर्धा, सहा सूत पाऊण. बरेच जण ‘पावणेपंधरा’ हे ‘१४.६’ असं लिहितात, म्हणजे १४ इंच ६ सूत. मीही तसंच लिहायचे. मग एके दिवशी कॉलरचं ते माप मी विचार न करता कॅल्क्युलेटरवर घातलं. कॅल्क्युलेटरला सूत कुठून कळणार? त्याने चौदा पूर्णांक सहा दशांश धरले आणि ३७.१ सेंटीमीटर सांगितले. खरं माप होतं १४.७५ इंच, म्हणजे ३७.५. चार मिलिमीटर कंबरेला कुणाला कळत नाहीत, पण वरचं बटण लावलेल्या गळ्याला कळतात. त्यानंतर सूत लिहिताना मी आडवी रेघ देते, १४-६ असं. टिंब फक्त सेंटीमीटरसाठी राखून ठेवलं आहे.

इंचांची बेरीज अपूर्णांकांमुळे नकोशी वाटते, ती मात्र सुतांनी एकदम सोपी होते. समजा पुढच्या भागाची रुंदी काढायची आहे: छातीचा चौथा भाग पावणेनऊ, सैलपणासाठी दीड, माया ५/८. कागदावर छेद सारखे करत बसू नका. ८-६, १-४ आणि ०-५ असं एकाखाली एक मांडा. सुतं झाली पंधरा, त्यातल्या आठांचा एक इंच पुढे, उरली सात. इंच ८ आणि १ आणि हातचा १. उत्तर १०-७. हेच सेंटीमीटरमध्ये २२.२, ३.८ आणि १.६, बेरीज २७.६. दोन्ही उत्तरं जुळतात, ताडून बघा.

मग सोपं काय? खरं सांगायचं तर कशाने भागायचं आहे त्यावर आहे. अर्धं, चौथा, आठवा भाग काढायचा तर इंचासारखं सुख नाही. ३५ चा चौथा भाग पावणेनऊ, टेपवर रेघ तयार. तेच ८७ सेंटीमीटरचा चौथा भाग २१.७५, आणि तो दोन रेघांच्या मधे डोळ्याने धरावा लागतो. पण गळ्याच्या रुंदीसाठी छातीचा बारावा भाग घ्यायला लागला की इंच रुसतात. ३४ चा बारावा भाग २.८३, म्हणजे दोन इंच आणि सहा-सात सुतांच्या मधे कुठेतरी. सेंटीमीटरमध्ये ८६ चा बारावा ७.१७, सरळ ७.२ धरा आणि पुढे जा. मी शिकले इंचांत, अंगावरून नजर फिरवली तर अजून इंचच दिसतात. पण ड्राफ्टिंग, म्हणजे कागदावरची आखणी, आता सेंटीमीटरमध्येच करते, कारण मिलिमीटर मोजून दाखवता येतो आणि ‘सुताला थोडं कमी’ हे दुसऱ्याला समजावता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र जवळपासचा आकडा धरण्याची नसतेच, ती सूत्राची असते. इंचातलं सूत्र सेंटीमीटरमध्ये वापरताना अंगाचं माप बदललं जातं आणि सूत्रातला सुटा आकडा तसाच राहतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने ‘छातीचा चौथा भाग अधिक दीड’ हे सूत्र घेतलं. छाती नीट सेंटीमीटरमध्ये मोजली, नीट चाराने भागली आणि अधिक दीड केलं. सूत्रातलं दीड हे दीड इंच होतं, ३.८ सेंटीमीटर. तिने घातलं दीड सेंटीमीटर. चौथ्या भागामागे २.३ सेंटीमीटर कमी, चार भागांत मिळून नऊच्या वर. ब्लाउज तिच्या अंगात शिरलाच नाही, आणि ती बिचारी मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या खाचेत, चूक शोधत बसली होती. चौथा भाग, सहावा भाग हे कुठल्याही मापपद्धतीत चालतात, ते नुसते वाटे आहेत. अधिक-उणेच्या पुढे आलेला आकडा मात्र सुटा सापडला की त्याच्याशेजारी इंच की सेंटीमीटर हे लिहिल्याशिवाय सूत्र वहीत उतरवू नका.

बदललेला आकडा कुठे वर न्यायचा, कुठे खाली? अंगाभोवतीचं माप असेल तर मी वर नेते, कारण जास्तीचं कापड आत घेता येतं आणि नसलेलं आणता येत नाही. लांबीला हवं तसं करा. ज्या दोन कडा एकमेकींना शिवल्या जाणार आहेत त्यांचे आकडे मात्र वेगवेगळे वर-खाली नेऊ नका. कॉलर आणि गळा, बाहीचा माथा आणि मुंढा, बेल्ट आणि कंबर. यातली एक कड माप बदलून आखा, आणि दुसरी आखल्यावर टेप उभा धरून दोन्ही कडांवरून रेघेरेघेने चालवून बघा. वळणावर टेप आडवा ठेवला तर तो वळत नाही, उभ्या धारेवर ठेवला तर वळतो.

मायेचे आकडे पाठच असू द्या, रोज लागतात. पाव इंच म्हणजे ६ मिलिमीटर, ३/८ म्हणजे १ सेंटीमीटरला अर्धा मिलिमीटर कमी, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि ५/८ म्हणजे जवळजवळ १६. सुईखालच्या स्टीलच्या प्लेटवर बऱ्याच मशीनना १०, १५, २० आणि ४/८, ५/८, ६/८ अशा रेघा शेजारी शेजारी कोरलेल्या असतात. ४/८ बघून गोंधळू नका, तो अर्धा इंचच. १५ आणि ५/८ या दोन रेघांमध्ये नखही मावत नाही, आणि माझा स्कर्ट तिथेच फसला. आता शिवायला बसण्याआधी त्या दिवशीच्या मायेच्या रेघेवर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावते. पट्टीची डावी धार रेघेवर, कापडाची कड त्या धारेला लागून.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या छापील पॅटर्नमध्ये ५/८ इंच माया बहुधा धरलेलीच असते. युरोपातल्या मासिकांच्या कित्येक पॅटर्नमध्ये ती नसते, आपण वेगळी आखायची असते. हे वाचल्याशिवाय कात्री उचलू नका.

साइझच्या आकड्यांनीही फसायला होतं. जर्मन पॅटर्नवरचा ३८ हा इंचांचा ३८ नाही. त्यांच्याकडे छातीच्या सेंटीमीटरचं अर्धं करून त्यातून ६ वजा करतात. ८८ चं अर्धं ४४, वजा ६, साइझ ३८. म्हणजे छाती ८८ सेंटीमीटर, ३४ इंचांच्या थोडी वर. ३८ इंच छाती म्हणजे साडेशहाण्णव सेंटीमीटर. तोच जर्मन ३८ फ्रेंच पॅटर्नवर ४० होतो. उलट जीन्सच्या कंबरेचा आकडा जगभर इंचांतच चालतो, मीटर वापरणाऱ्या देशांतसुद्धा. त्यामुळे साइझ बघायचाच नाही, शेजारच्या तक्त्यातलं अंगाचं माप बघायचं.

कापड घेताना यार्ड आणि मीटर. यार्ड म्हणजे ३६ इंच, ९१.४४ सेंटीमीटर. मीटर म्हणजे ३९.३७ इंच. पॅटर्न ३ यार्ड म्हणत असेल आणि तुम्ही ३ मीटर आणलंत तर २६ सेंटीमीटर उरेल, बिघडलं काहीच नाही. उलट झालं तर पंचाईत. ३ मीटरच्या पॅटर्नला ३ यार्ड आणले तर तेवढंच कमी पडतं, एखादी बाहीच जाते. ३ मीटरसाठी ३-३/८ यार्ड घ्या. पन्हाही, म्हणजे कापडाची रुंदीही बघा: ३६ इंची म्हणजे ९१ सेंटीमीटर, ४४ इंची ११२, ५८ इंची १४७. पॅटर्नवर १५० सेंटीमीटर पन्ह्याची मांडणी दिली आहे आणि हातात ५८ इंची कापड आहे, तर घेर मोठा असलेला भाग आधी नुसता अंथरून बघा, कडेची किनार सोडून बसतो का ते. तीन सेंटीमीटर कमी पडले की सगळी मांडणी बदलते. उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकं, कापायचं असेल तर फारच.

बारीकसारीक वस्तूंवर दोन्ही पद्धती आधीच शेजारी नांदतात. सुईवर ८०/१२ किंवा ९०/१४ असं असतं. मोठा आकडा सुईच्या दांड्याची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ८० ची सुई ०.८ मिलिमीटर. छोटा आकडा अमेरिकी क्रमांक, तो कशाचंच माप नाही. टाक्याची लांबी नव्या मशीनवर मिलिमीटरमध्ये, जुन्या पुस्तकांत इंचाला किती टाके अशी. २५.४ ला एकाने भागलं की दुसरं मिळतं: अडीच मिलिमीटरचा टाका म्हणजे इंचाला दहा. ७ इंची चेन म्हणजे १८ सेंटीमीटरची, २२ इंची म्हणजे ५६ ची. बटणांची तर तिसरीच भाषा, लाईन. ४० लाईनचा एक इंच. शर्टाचं १८ लाईनचं बटण साडेअकरा मिलिमीटरचं भरतं. काज मात्र मी कधीच या हिशोबाने करत नाही. बटण हातात घेऊन त्याची रुंदी अधिक जाडी मोजते.

घरी छापायच्या पीडीएफ पॅटर्नमध्ये दोन पद्धतींची टक्कर कागदावरच होते. अमेरिकेत लेटर कागद, २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. बाकी बहुतेक ठिकाणी ए४, २१० बाय २९७. लेटरसाठी केलेला पॅटर्न ए४ वर छापताना प्रिंटर आपल्या मनाने तो कागदात बसवायला बघतो आणि सगळंच थोडं लहान करतो. नुसतं तीन टक्के लहान झालं तरी ९० चे ८७.३ होतात. म्हणून छपाई १०० टक्क्यांवर ठेवा आणि पहिलं फक्त चाचणी चौकोनाचं पान छापा. तो चौकोन ज्या मापात आहे त्याच बाजूने मोजा. ४ इंची चौकोन सेंटीमीटरने मोजून १०.२ आला म्हणून प्रिंटरला दोष देणारी मी एकटीच नसेन.

आणि माझ्यासारखं होऊन बसलंच, बेल्ट मोठा आणि स्कर्ट लहान, तर आठही शिलाया उसवू नका. १४ मिलिमीटर परत मिळवायचे आहेत ना? एक सोडून एक अशा चार शिलाया कंबरेपासून फक्त बारा सेंटीमीटर उसवा. प्रत्येकीत दोन्ही कडांना पावणेदोन मिलिमीटर कमी माया धरून नवी रेघ आखा. शिलाईमागे साडेतीन, चार शिलायांचे चौदा. नवी रेघ सीटजवळ जुन्या शिलाईत तिरकी विरून जाऊ द्या, दोन-तीन सेंटीमीटर तिच्यावरूनच पुढे शिवा, इस्त्री मारा, मग बेल्ट लावा. भाची तो स्कर्ट अजून घालते. त्यातल्या चार शिलाया वेगळ्या आहेत हे तिला माहीत नाही.